न दुखणारी बोटं

“बघू, हात पुढे करा सगळ्यांनी,” गिटारीचे मास्तर शेख बेनऔदा म्हणाले.

गिटारी मांडीवर आडव्या टाकून सगळ्यांनी डावे हात पुढे केले. बोटांच्या टोकांवर तारांच्या लाल रेघा उमटल्या होत्या. कुणी फुंकर घालत होतं, कुणी बोटं तोंडात धरून बसलं होतं. सोळा वर्षांची इखलास तर रडकुंडीला आली होती.

“शेख, ह्या तारा आहेत की सुऱ्या? उद्या माझी परीक्षा आहे. पेन कसं धरू?”

“पेन उजव्या हातात धरतात, बाई. परीक्षेत नापास झालीस तर माझ्या तारांवर ढकलू नकोस.” शेख एकेकाचा हात उलटसुलट करून बघत पुढे सरकले. “सुरुवातीला सगळ्यांचीच बोटं सोलवटतात. माझी सोलवटली तेव्हा माझी आई मलमाऐवजी शिव्या चोळायची.”

शेवटच्या खुर्चीपाशी ते थांबले. तिथे बख्ता बसली होती. डोक्याला रुमाल, अंगावर दुकानात घालायचाच साधा झगा, बाह्यांवर पिठाचे पांढुरके डाग. वर्गातल्या कोणत्याही मुलाची आजी शोभली असती.

“आणि लल्ला बख्ता, तुमचं काय?” थोराड बाईला मानाने ‘लल्ला’ म्हणत.

“माझं काय असणार? मला काही होत नाही.” तिने पंजा सगळ्यांना दिसेल असा उघडून धरला. “अर्धं आयुष्य भट्टीतून ताटं काढण्यात गेलं. ह्या तारेची काय बिशाद!”

पोरं हसली. शेखही हसले. पण तिचा हात त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिला, आणि सोडून दिला.

बख्ता ह्या वर्गात आली ती गिटार शिकायला नव्हेच. वाहरान ह्या बंदराच्या शहरात, जुन्या बाजारामागे तिचं करांतिकाचं दुकान होतं. हरभऱ्याचं पीठ पाण्यातेलात सरसरीत कालवायचं, मोठ्या ताटात ओतून भट्टीत सरकवायचं, वर तपकिरी पापुद्रा आला की बाहेर काढून सुरीने तुकडे करायचे आणि जिरेपूड भुरभुरून अर्ध्या पावात घालून द्यायचे. हे काम तिच्या सासूचं, सासू गेल्यावर तिचं. तिची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक म्हणजे पापुद्रा कधी करपू न देणं, आणि दुसरी म्हणजे उजव्या हातात फडकं घेऊन डाव्या उघड्या हाताने ताट ओढणं. नवं गिऱ्हाईक ते बघून “अहो, अहो!” करून ओरडायचं. जुनी गिऱ्हाइकं त्याला सांगायची, “घाबरू नकोस, लोखंडाचा हात आहे तो.” बख्ता मनातून फुलून यायची. कौतुक म्हणून तिच्या वाट्याला आलेलं तेवढंच होतं.

दुकानासमोर सांस्कृतिक केंद्र होतं. तिथे शिकवणारे शेख बेनऔदा रोज दुपारी तिच्याकडे पाव खायला यायचे. तरुणपणी त्यांनी लग्नांमधून गिटार वाजवली होती. आता उतारवयात वर्ग चालवत होते. एकदा ते पाव हातात घेऊन नुसतेच उभे राहिले.

“काय झालं शेख? मीठ कमी पडलं का?”

“वर्ग बंद होतोय. एक जण कमी पडतोय. ठरल्याएवढी माणसं भरली नाहीत, तर खोली शिवणकामाला देणार म्हणे.”

“मग आणा की कुणाला तरी धरून.”

“तेच करतोय.” त्यांनी तिच्याकडे बघितलं.

“मी? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?”

“नुसतं नाव लावा. पहिले दोनचार दिवस येऊन बसा, तेवढ्यात कुणीतरी मिळेल. गिटार मी देतो. हवं तर वाजवूही नका.”

गेली ती ह्या बोलीवर. पहिल्या दिवशी गिटार मांडीवर घेतली तर ती घसरून पायावर पडली. दुसऱ्या दिवशी कळलं की आपण ती उलटी धरली आहे. तिसऱ्या दिवशी शेखांनी तिचा उजवा अंगठा धरून सगळ्यांत जाड तारेवरून फिरवला, आणि तो आवाज लाकडातून थेट तिच्या पोटात शिरला. बख्ता दचकली. एवढ्या वर्षांत तिच्या अंगाला लागून असं काही वाजलं नव्हतं. ताटं खणखणायची, भट्टी घुरघुरायची, पण ते आवाज कामाचे होते. हा आवाज कशाच्याच कामाचा नव्हता, आणि तो तिने काढला होता.

“पुन्हा वाजवू?” तिने विचारलं.

“वाजवा की. आवाज काय संपत नाही.”

पुढे वर्गाला एक नवा मुलगा मिळाला, तरी बख्ताने नाव काढलं नाही. शेखांनीही विषय काढला नाही.

घरी मात्र विषय निघायचाच. तिचा नवरा मनवर बंदरातल्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेला, आणि दिवसभर पिंजऱ्यातल्या गोल्डफिंच पक्ष्याची सेवा करणारा. त्या चिमुकल्या पक्ष्याच्या गळ्यावर त्याचा बंदरातल्या सगळ्या मित्रांत रुबाब होता.

“बख्ता, बास कर. माझा पक्षी गायचा थांबलाय.”

“मग मी काय गप्प बसू? त्याला सांग, माझ्याकडून शीक.”

“तुझ्याकडून शिकला तर बाजारात कुणी फुकट घेणार नाही त्याला.”

ती हसायची आणि पुन्हा गिटारीच्या गळ्यावरच्या पहिल्या पट्टीवर बोट टेकवायची. बोट पट्टीच्या अगदी मागे नीट दाबलं तर स्वर स्वच्छ निघायचा. जरा हललं की तार कुरकुरायची. हे कळायलाच तिला कितीतरी दिवस लागले. मग एका संध्याकाळी पहिल्या दोन बोटांनी तिने चार स्वरांची एक ओळ न अडखळता वाजवली. मनवर तोंड फिरवून पिंजरा पुसत होता. पुसायचा थांबला, आणि पुन्हा पुसायला लागला.

अडचण सुरू झाली ती कॉर्ड शिकायची वेळ आल्यावर. आता एकाच वेळी तीन बोटं तीन तारांवर ठेवायची होती. बख्ताची पहिली दोन बोटं निमूट जागेवर जायची. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र परक्याच्या हाताची असल्यासारखी वागायची. बघून बघून ती बसवावी लागायची. नजर हलली की घसरायची. इखलाससारख्या पोरी बोटांच्या नावाने खडे फोडत पुढे निघून गेल्या. दुखण्याची तक्रार नसलेली बख्ता मागे राहिली.

“वय झालं,” ती स्वतःशीच म्हणायची.

त्या दिवशी वर्गात सगळे मिळून एक साधी चाल वाजवत होते. अचानक इखलास ओरडली, “मावशी, रक्त!”

बख्ताने आधी इखलासकडे बघितलं. मग स्वतःकडे. करंगळीशेजारच्या बोटाच्या टोकावरची कातडी फाटली होती, आणि गिटारीच्या गळ्यावर लालसर ओघळ आला होता. ती त्या बोटाकडे बघत राहिली. तिला काही म्हणजे काहीच जाणवलं नव्हतं.

शेखांनी पोरांना बाहेर पिटाळलं. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि बोट उजेडाकडे धरलं.

“हे तारेने झालेलं नाही. हा भाजल्याचा फोड आहे, तो फुटलाय. कधी भाजलं?”

“सकाळी... भाजलं असेल.”

“असेल म्हणजे? भाजलेलं माणसाला कळतं. डोळे मिटा.”

“कशाला?”

“मिटा म्हणतो ना.”

तिने मिटले.

“आता कोणत्या बोटाला हात लावलाय?”

बख्ताने वाट पाहिली. केंद्राच्या अंगणात पोरं हसत होती, ते ऐकू येत होतं. हाताला मात्र काही जाणवत नव्हतं.

“अजून लावलाच नाहीत तुम्ही.”

तिने डोळे उघडले, तर त्यांनी तिची करंगळी चिमटीत घट्ट धरली होती, नखाच्या कडा पांढऱ्या पडेपर्यंत.

“डॉक्टरकडे जा, लल्ला बख्ता. उद्याच जा.”

ती ताडकन उठली. “मला तुम्ही माणसं भरायला बोलावलं होतं. माणसं भरली. तुमची गिटार घ्या आणि मला माझं काम करू द्या.”

गिटार खुर्चीवर ठेवून ती निघून आली.

रागावली ती शेखांवर नव्हे. तिच्या भावाचं, लख्दरचं, असंच सुरू झालं होतं. लख्दर घरांना रंग द्यायचा. एक दिवस शिडीवर उभा असताना त्याच्या हातातून ब्रश गळून पडला. “हात झोपलाय,” म्हणून तो हसला होता. मग पाय झोपला, मग जीभ. डोक्यात गाठ निघाली. वर्ष पुरं व्हायच्या आत त्याला पोचवून आले. शेवटी शेवटी बख्ता त्याला चमच्याने भरवायची, आणि तो तिच्याकडे लहान मुलासारखा बघायचा. तेव्हापासून ‘हात झोपला’ हे शब्द तिच्या घरात कुणी उच्चारत नसे. आपली दोन बोटं बधिर आहेत हे तिला मागच्या हिवाळ्यापासून ठाऊक होतं. ठाऊक होतं, पण त्याला नाव दिलं नव्हतं. लोखंडाचा हात म्हणवून घेणं सोपं होतं.

ती वर्गाला जायची थांबली. शेख मात्र रोज दुपारी पाव खायला येत राहिले. दोघंही गिटारीचं नाव काढत नव्हते. मग एकदा पाव घेऊन वळता वळता ते म्हणाले,

“पोरं विचारतात तुमच्याबद्दल. मी सांगितलं, मावशी दवाखान्यात तपासायला गेल्यात.”

“खोटं कशाला सांगितलंत?”

“खोटं आहे का खरं, ते तुमच्या हातात आहे. ह्या वयात मला पोरांसमोर खोटारडा ठरवू नका.”

त्या संध्याकाळी मनवरने कॉफी केली. एरवी तो पक्ष्याशिवाय कुणासाठी काही करत नसे. काचेचा पेला तिच्यापुढे ठेवला. तिने डाव्या हाताने उचलला आणि दारातून रस्त्याकडे बघत बसली.

“ठेव तो खाली,” मनवर म्हणाला.

“का?”

“आत्ता उकळी फुटलीय. मला फडक्याशिवाय धरवत नाही, तू धरून बसलीयस.”

“माझ्या हाताला सवय आहे.”

“सवय!” तो एकदम ओरडला, आणि पिंजऱ्यातला पक्षी फडफडला. मग आवाज खाली आला. “हिवाळ्यापासून बघतोय मी. बटणं एका हाताने लावतेस. किल्ल्या पडतात. मागे तेलाची बाटली फोडलीस आणि मांजराच्या माथी मारलंस. आपल्याकडे मांजर तरी आहे का?”

बख्ताने पेला खाली ठेवला.

“मग बोलला का नाहीस?”

मनवर पिंजऱ्याच्या कडीशी चाळा करू लागला. “तू बोलली नाहीस म्हणून. मला वाटलं, आपण बोललो की ते खरं होईल.”

ती रडली नाही. उलट छातीशी धरलेलं एखादं ताट कुणीतरी दुसऱ्या बाजूने धरावं तसं तिला वाटलं. जड तेवढंच होतं, पण आता ते दोघांत होतं.

“उद्या दुकान बंद ठेवते,” ती म्हणाली.

दवाखान्यात तिच्या हाताला तारा लावून विजेचे झटके दिले. एका मशीनच्या नळकांड्यात झोपवून डोक्याचे आणि मानेचे फोटो काढले. आत टकटक आवाज होत होते. बख्ता डोळे मिटून मनातल्या मनात ते चार स्वर वाजवत पडली. दुसरं काही सुचलंच नाही. मनवर बाहेर भिंतीला टेकून उभा होता. खुर्ची रिकामी होती, पण तो बसला नाही.

निकाल सांगायला डॉक्टर रहमूनी होत्या. वयाने बख्ताची मुलगी शोभल्या असत्या. त्यांनी आधी फोटोंकडे बघितलं, मग बख्ताचं डावं कोपर हातात घेऊन आतल्या बाजूला बोटाने टिचकी मारली. झणकन एक कळ बख्ताच्या करंगळीपर्यंत गेली.

“या रब्बी! हे काय केलंत?”

“लागलं का? छान,” डॉक्टर म्हणाल्या. “दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा कशा बसता तुम्ही?”

“म्हणजे? बसते अशी.” बख्ताने डावं कोपर टेबलावर टेकलं आणि गाल तळव्यावर ठेवला.

“टेबल कसलं आहे दुकानात?”

“संगमरवरी फळी आहे. सासूच्या वेळची.”

“आणि किती वर्षं बसताय?”

“लग्न झाल्यापासून,” उत्तर मनवरने दिलं. “मी जाता-येता म्हणायचो, बाई कुणाची वाट बघतेय एवढी?”

डॉक्टर हसायला लागल्या. “सासूबाईंच्या फळीने केलंय हे सगळं. ह्या कोपरापाशी एक शीर असते. ती दबून दबून बोटं बधिर झालीत. छोटं ऑपरेशन करून मोकळी करू.”

“आणि डोकं?” बख्ताने विचारलं.

“डोक्याला काय झालंय? डोकं स्वच्छ आहे. मानही.”

“गाठ...”

“काहीही नाही, लल्ला. हे बघा.” डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. बख्ताला त्यातलं काही कळलं नाही. राखाडी रंगाचा अक्रोड दिसला. पण तिने तो डोळे भरून बघितला, आणि मग ओढणीत तोंड घालून इतकी हसली की परिचारिका आत डोकावून गेली. हसण्याचं रडणं कधी झालं, तेही कळलं नाही. लख्दर असाच एका खोलीत बसला होता. त्याला कुणी असं म्हटलं नव्हतं.

मनवर उठून बाहेर गेला. ती त्याला शोधत गेली तेव्हा तो दारावरच्या पहारेकऱ्याशी कडाकडा भांडत होता. भांडणाचं कारण दोघांनाही सांगता येईना. मग दोघं समुद्रावर गेली आणि कठड्याला टेकून लिंबाचं बर्फाळ क्रेपोने खात उभी राहिली. मनवरने आपलं संपवून तिचंही अर्धं खाल्लं.

“ती तुझ्या सासूची फळी,” तो म्हणाला, “आई असती तर म्हणाली असती, फळीला काही झालं नाही ना?”

ऑपरेशन झालं. कोपरावर टाके पडले. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की शीर सावकाश जागी होते आणि सगळीच जागी होईल असं नाही. बख्ताने फळीवर जाड उशी बांधली. ताट ओढायला आता ती दोन्ही हातांत फडकी घ्यायची. पहिल्या दिवशी एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, “काय हे बख्ता, लोखंड गंजलं की काय?” तिला ते लागलं. उत्तर तोंडावर आलं होतं, पण तिने जिरेपूड भुरभुरून पाव त्याच्या हातात दिला. रात्री मनवरला मात्र म्हणाली, “आता मला ओळखायला लोकांना दुसरं काहीतरी शोधावं लागेल.”

वर्गाला ती परत गेली तेव्हा इखलास आणि बाकीची पोरं वरच्या वर्गात पोचली होती. बख्ताला नव्या मुलांमध्ये पुन्हा पहिल्या तारेपासून बसावं लागलं. शेखांनी तिची गिटार कुणाला दिली नव्हती. तिने खुंट्या पिळल्या, कान लावून तारा सुरात आणल्या. एवढं ती विसरली नव्हती. करंगळी मात्र तशीच होती. तिचं टोक कधी जागं झालंच नाही. शेखांनी तिला तीन बोटांत बसतील अशा कॉर्ड शोधून दिल्या.

“चौथं बोट नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका,” ते म्हणाले. “चार बोटं असूनही बेसूर वाजवणारे मी पुष्कळ पाहिलेत.”

दिवस तसे गेले. बोटं बसायची, घसरायची, पुन्हा बसायची. वर्गातली नवी पोरं फुंकर घालायची, तक्रारी करायची. बख्ता त्यांच्याकडे बघायची आणि आपलं बोट तारेवर दाबायची.

एके दुपारी ती तीन बोटांची एक कॉर्ड बसवत होती. करंगळीशेजारचं बोट तारेवर नीट टेकलं, तिने दाबलं, आणि तोंडातून शब्द निसटला.

“आई गं!”

सगळा वर्ग वळून बघायला लागला. शेख धावत आले.

“काय झालं? रक्त आलं का?”

“नाही.” ती बोट डोळ्यांसमोर धरून बसली होती. टोकावर एक बारीक लाल रेघ उमटली होती. “दुखतंय.”

“कुठे?”

“इथे. तार रुततेय, शेख. चांगलीच रुततेय.”

शेखांनी खिशातून रुमाल काढला, उगाचच गिटारीवरची धूळ पुसली, आणि वर्गाकडे वळून खेकसले, “बघताय काय? दुखतंय म्हणाल्या त्या, तुमच्यासारख्या रडत नाहीयेत. चला, पुन्हा पहिल्यापासून.” आणि मग हळूच तिला म्हणाले, “तुम्ही थांबा आज. बोटाला विश्रांती द्या.”

“एकदाच आणखी,” बख्ता म्हणाली, आणि तिने पुन्हा दाबलं. ह्या वेळी सहाही तारा एकदम, स्वच्छ बोलल्या.

वर्ग सुटला तेव्हा मनवर केंद्राच्या दारात उभा होता. टाके पडल्यापासून तो तिला ओझं उचलू देत नसे. त्याने गिटार तिच्या हातातून घेतली आणि पुढे चालायला लागला. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात त्याचे बंदरातले मित्र बसले होते.

“मनवर! आता गिटार वाजवणार की काय? पक्ष्याला सोडचिठ्ठी?”

“माझी नाही. हिची आहे,” मनवर न थांबता म्हणाला. “आणि पाय आत घे, गिटारीला लागतील.”

बख्ता दोन पावलं मागे होती. चालता चालता अंगठ्याचं नख ती बोटाच्या टोकावरच्या त्या लाल रेघेवर दाबत होती. दुखलं की सोडायची. थोडं चालायची. पुन्हा दाबायची.